व्यवस्थापन विद्यालये : गुणवत्ता-मान्यता व पुरस्कार

व्यवस्थापन विद्यालये : गुणवत्ता-मान्यता व पुरस्कार : व्यवसाय-व्यवस्थापनाचे उच्च शिक्षण देणाऱ्या विद्यापीठीय संस्थांचे अध्यापन, संशोधन, प्रशासन व नवे उपक्रम यांची बाहेरील संस्थेकडून परीक्षा होऊन त्यांना मिळणारी मान्यता वा पुरस्कार. अशा मान्यतेचे स्थूलमानाने तीन प्रकार आढळतात. (१) अधिस्वीकृती : ठरावीक निकष पूर्ण करणाऱ्या प्रत्येक संस्थेला ती मिळू शकते, तीत संस्थांची आपापसांत तुलना नसते. (२) गुणानुक्रम : यात सर्व संस्थांची एका क्रमाने मांडणी केली जाते, तो बहुधा वृत्तपत्रे व नियतकालिके प्रसिद्ध करतात. (३) पुरस्कार : विशेष कामगिरीबद्दल मोजक्याच संस्थांची निवड होऊन त्यांचा जाहीर गौरव केला जातो. या तिन्ही प्रकारांचा इतिहास परस्परांत गुंतलेला आहे. कोणता निकष कोणी लावला, यावर त्या त्या काळातील व्यवस्थापन शिक्षणाची दिशा बव्हंशी अवलंबून राहिली, असे या इतिहासावरून दिसून येते. त्यातील सर्वांत बोधप्रद प्रकरण म्हणजे अमेरिकेतील माँफर्ट महाविद्यालयाला २००४ मध्ये मिळालेला बॉल्ड्रिज राष्ट्रीय गुणवत्ता पुरस्कार होय.

पूर्वपीठिका : व्यापारविषयक उच्च शिक्षणाची जुनी संस्था म्हणून पॅरिस येथे १८१९ मध्ये स्थापन झालेल्या विद्यालयाचा उल्लेख केला जातो. विद्यापीठाच्या कक्षेत मात्र हे शिक्षण प्रथम अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत स्थिरावले. जोसेफ व्हार्टन या कारखानदाराने दिलेल्या एक लाख डॉलरांच्या देणगीतून १८८१ मध्ये पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात व्हार्टन विद्यालय निघाले. त्यानंतर १८९८ मध्ये शिकागो व कॅलिफोर्निया या विद्यापीठांत, १९०० मध्ये डार्टमथ महाविद्यालयात आणि १९०८ मध्ये हार्व्हर्ड विद्यापीठात अशी विद्यालये सुरू झाली. विद्यापीठांतील जुन्या विद्याशाखांना हा नवा विषय फारसा मानवला नाही. धंद्याची उलाढाल हा ज्ञानाचा विषय होऊ शकतो काय, अशी शंका त्यांच्याकडून वारंवार घेतली जाई. त्यामुळे या विद्यालयांना विद्यार्थी व देणग्या यांची वाण पडली नाही, तरी प्रतिष्ठेचा प्रश्न मात्र आरंभापासूनच भेडसावू लागला. पुढील काळातील मान्यता, गुणानुक्रम व पुरस्कार यांचे मूळ या प्रतिष्ठेच्या गरजेत आहे.

या गरजेतून सतरा शिक्षणसंस्थांनी एकत्र येऊन १९१६ मध्ये ‘अमेरिकन असोसिएशन ऑफ कॉलेजिएट स्कूल्स ऑफ बिझनेस’ ही संघटना स्थापिली. तिने १९१९ मध्ये आपली पहिली प्रमाणके स्वीकारली. प्राध्यापकांची पात्रता, विषयांची व्याप्ती, अध्यापनाचा भार यांसारख्या बाबींवर त्यांचा भर होता. म्हणजे संस्थेजवळ काय साधनसामग्री आहे, हे पाहिले जाई; तिच्यातून बाहेर पडणारा विद्यार्थी काय शिकून जातो, हे पाहण्याची रीत अद्याप रूढ झाली नव्हती.

१९५९ चे अहवाल : दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेतील व्यवस्थापन विद्यालयांचा झपाट्याने विस्तार झाला, पण त्यांतील बऱ्याच ठिकाणी शिक्षणाचा दर्जा सामान्य होता. फोर्ड प्रतिष्ठानाच्या साहाय्याने रॉबर्ट गॉर्डन व जेम्स हॉवेल यांनी आणि कार्नेगी कॉर्पोरेशनच्या साहाय्याने फ्रँक पिअरसन यांनी या शिक्षणाची स्वतंत्रपणे पाहणी केली. दोन्ही अहवाल १९५९ मध्ये प्रसिद्ध झाले व दोहोंचा निष्कर्ष जवळजवळ सारखाच निघाला. विद्यार्थ्यांची निवड सैल आहे, अभ्यासक्रम अतिविशेषीकृत व वर्णनात्मक आहेत आणि संशोधन क्षीण आहे, असे त्यांत स्पष्टपणे नमूद करण्यात आले होते. अर्थशास्त्र, संख्याशास्त्र, मानसशास्त्र व समाजशास्त्र यांचा भक्कम पाया या शिक्षणाला असावा, अशी त्यांची शिफारस होती. फोर्ड प्रतिष्ठानाने या सुधारणेसाठी कोट्यवधी डॉलर खर्च केले. हर्बर्ट सायमन यांच्या सहभागाने नावारूपास आलेली, पिट्सबर्ग येथील कार्नेगी तंत्रविद्या संस्थेची व्यवस्थापन शाखा हा या नव्या विचाराचा आदर्श मानला जाऊ लागला. सायमन यांना १९७८ मध्ये अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले.

या सुधारणांमुळे व्यवस्थापन विद्यालयांना विद्यापीठांत मानाचे स्थान मिळाले, यात शंका नाही. परंतु तिची दुसरी बाजूही हळूहळू प्रकट झाली. प्राध्यापकाची नेमणूक व बढती संशोधनपत्रिकांतील लेखांवर ठरू लागली. वर्गातील अध्यापन, विशेषतः पदवीपूर्व विद्यार्थ्यांचे, मागे पडले. प्रत्येक लहानमोठ्या विद्यालयास पदव्युत्तर व संशोधन विभाग काढणे प्रतिष्ठेचे वाटू लागले, मग त्यासाठी लागणारी माणसे व पैसा जवळ असो वा नसो. वॉरन बेनिस व जेम्स ओटूल या अभ्यासकांनी २००५ मध्ये लिहिलेल्या एका गाजलेल्या लेखात, व्यवस्थापन विद्यालये व्यवहारापासून दुरावल्याचा दोष या एकांगी शास्त्रीय प्रतिमानालाच दिला.

गुणानुक्रमांचा उदय : या संशोधनप्रधानतेला पहिला जोरदार शह विद्यापीठांबाहेरून मिळाला. बिझनेस वीक या अमेरिकन साप्ताहिकाने १९८८ मध्ये व्यवस्थापन विद्यालयांचा गुणानुक्रम प्रसिद्ध केला. त्यासाठी त्याने अधिष्ठात्यांना वा प्राध्यापकांना न विचारता नुकत्याच पदवी घेतलेल्या विद्यार्थ्यांना व त्यांना नोकरी देणाऱ्या कंपन्यांना प्रश्न विचारले. नॉर्थवेस्टर्न विद्यापीठाचे केलॉग विद्यालय त्यात पहिले आले आणि ज्यांचे श्रेष्ठत्व गृहीत धरले जात होते, अशी काही नामांकित विद्यालये मागे पडली. विद्यार्थ्यांच्या समाधानाची दखल घेणे विद्यालयांना आता भाग पडले. लंडनच्या फायनॅन्शियल टाइम्स या वृत्तपत्राने १९९९ पासून आंतरराष्ट्रीय गुणानुक्रम सुरू केला. त्यात पदवीधरांचे वेतन व त्यात झालेली वाढ यांना दीर्घकाळ सर्वांत अधिक भार दिला गेला.

गुणानुक्रमाने जुना दोष काही प्रमाणात दूर केला. पण नवा दोष निर्माण केला. ज्या गोष्टी सहज मोजता येतात, त्यांनाच महत्त्व आले. अधिक वेतनाच्या क्षेत्रात जाऊ पाहणारे विद्यार्थी निवडणे, संख्येने भरणारे पण गुणांना न भिडणारे बदल करणे असे प्रकार घडू लागले. हार्व्हर्ड व व्हार्टन या विद्यालयांनी २००४ मध्ये आपल्या विद्यार्थ्यांचे पत्ते नियतकालिकांना पुरविण्याचे थांबविले. फिलाडेल्फियातील टेंपल विद्यापीठाच्या फॉक्स व्यवस्थापन विद्यालयाने दूरस्थ पदव्युत्तर अभ्यासक्रमाच्या गुणानुक्रमासाठी चुकीची माहिती पुरविल्याचे २०१८ मध्ये उघडकीस आले. हा अभ्यासक्रम तेव्हा सलग काही वर्षे प्रथम क्रमांकावर होता. तत्कालीन अधिष्ठात्यास पदावरून दूर करण्यात आले आणि २०२१ मध्ये न्यायालयाने त्यास फसवणुकीबद्दल दोषी ठरविले. गुणानुक्रमाचा मोह शिक्षणसंस्थेला कोठवर नेऊ शकतो, याचे हे प्रकरण द्योतक आहे.

गुणवत्ता-पुरस्कारांची परंपरा : पुरस्कारांची परंपरा शिक्षणक्षेत्रात नव्हे, तर कारखानदारीत उगम पावली. अमेरिकन संख्याशास्त्रज्ञ एडवर्ड्‌स डेमिंग यांनी १९५० मध्ये जपानमध्ये संख्याशास्त्रीय गुणवत्ता-नियंत्रणावर व्याख्याने दिली. त्या व्याख्यानांच्या पुस्तकाचे मानधन त्यांनी जपानी वैज्ञानिक व अभियंते यांच्या संघटनेला दिले आणि त्यातून १९५१ मध्ये डेमिंग पारितोषिक सुरू झाले. जपानी उद्योगांनी या पारितोषिकाचा उपयोग स्वतःची कार्यपद्धती पारखून घेण्यासाठी केला. १९८० च्या सुमारास जपानी मोटारी व विद्युत्‌साधने यांच्यापुढे अमेरिकन कारखानदारी हतबल होऊ लागली, तेव्हा अशाच राष्ट्रीय पुरस्काराची कल्पना अमेरिकेत पुढे आली. राष्ट्राध्यक्ष रोनाल्ड रेगन यांच्या मंत्रिमंडळातील वाणिज्यमंत्री माल्कम बॉल्ड्रिज यांचा जुलै १९८७ मध्ये घोडेस्वारीच्या क्रीडाप्रसंगी अपघाती मृत्यू झाला. पुढच्याच महिन्यात संमत झालेल्या कायद्याने स्थापन झालेल्या पुरस्कारास त्यांचे नाव देण्यात आले. पहिले पुरस्कार १९८८ मध्ये देण्यात आले. त्यांत मोटोरोला कंपनीचा समावेश होता.

बॉल्ड्रिज पुरस्काराची कार्यपद्धती त्याच्या प्रसिद्धीपेक्षा अधिक महत्त्वाची आहे. अर्जदार संस्थेने विहित प्रश्नांच्या अनुरोधाने आपल्या कारभाराचे सविस्तर विवरण लिहून द्यावयाचे असते. वेगवेगळ्या क्षेत्रांतील स्वयंसेवी परीक्षक ते स्वतंत्रपणे वाचतात, नंतर एकत्र चर्चा करून मतैक्यास येतात. वरच्या श्रेणीतील अर्जदारांकडे परीक्षकांचे पथक प्रत्यक्ष भेटीसाठी जाते आणि अखेरचा निर्णय पंचमंडळ करते. पुरस्कार न मिळालेल्या प्रत्येक अर्जदारासही त्याची बलस्थाने व उणिवा दाखविणारा लेखी अभिप्राय मिळतो. कित्येक संस्था या अभिप्रायासाठीच पुनःपुन्हा अर्ज करतात. पुरस्कारप्राप्त संस्थेने आपल्या पद्धती इतरांना खुल्या करून सांगाव्यात, अशी अपेक्षा असते. म्हणजे स्पर्धा असली, तरी जिंकलेल्याने आपली विद्या वाटून टाकावयाची, असे तिचे स्वरूप आहे.

शिक्षणक्षेत्रातील प्रवेश : शिक्षण व आरोग्यसेवा या क्षेत्रांसाठी प्रथम १९९५ मध्ये प्रायोगिक परीक्षण झाले. कायद्यात दुरुस्ती होऊन १९९९ पासून या क्षेत्रांतील संस्थांना अर्ज करण्याची मुभा मिळाली. तथापि पहिली दोन वर्षे शिक्षणगटात एकही संस्था पुरस्कारास पात्र ठरली नाही. २००१ मध्ये अलास्कातील चुगॅच व न्यूयॉर्क राज्यातील पर्ल रिव्हर या दोन शालेय मंडळांसह विस्कॉन्सिन विद्यापीठाच्या स्टाउट शाखेला पुरस्कार मिळाला. हा मान मिळविणारे ते पहिले विद्यापीठ होय.

कारखान्यासाठी आखलेले निकष शिक्षणाला लावण्यास प्राध्यापकांचा विरोध होता व तो अनाठायी नव्हता. कारखान्यात ग्राहक असतो. विद्यार्थी हा ग्राहक म्हणावयाचा काय? ग्राहकाला हवे ते देणे हे दुकानदाराचे कर्तव्य असते. परंतु विद्यार्थ्याला जे नकोसे वाटते, तेच कधीकधी त्याला देणे हे शिक्षकाचे कर्तव्य असते. निकषांच्या रचनाकारांनी हा आक्षेप अंशतः मान्य केला आणि शिक्षणगटासाठी ‘ग्राहक’ या शब्दाऐवजी विद्यार्थी व अन्य हितसंबंधी अशी शब्दयोजना केली. मूळ सांगाडा मात्र कायम ठेवण्यात आला. २००४ च्या सुमारास एक हजार गुणांची विभागणी पुढीलप्रमाणे होती : नेतृत्व १२०, दूरगामी नियोजन ८५, विद्यार्थी, हितसंबंधी व बाजारपेठ यांवरील लक्ष ८५, मोजमाप, विश्लेषण व ज्ञानाचे व्यवस्थापन ९०, प्राध्यापक व कर्मचारीवर्ग ८५, प्रक्रियांचे व्यवस्थापन ८५, आणि संस्थेची प्रत्यक्ष फलनिष्पत्ती ४५०. जवळजवळ निम्मे गुण फलनिष्पत्तीसाठी राखून ठेवलेले असल्याने केवळ सुबक आराखडे व संकल्प यांच्या बळावर पुरस्कार मिळणे शक्य नव्हते.

माँफर्ट महाविद्यालय : रॉकी पर्वताच्या पूर्वेस कोलोरॅडो राज्यात ग्रीली हे शेती व गुरांच्या व्यवसायासाठी प्रसिद्ध असलेले शहर आहे. तेथे १८८९ च्या कायद्याने शिक्षक-प्रशिक्षणाचे एक सरकारी विद्यालय स्थापन झाले. तेच पुढे विस्तार पावून नॉर्दर्न कोलोरॅडो विद्यापीठ झाले. या विद्यापीठातील व्यवसायशिक्षणाचे महाविद्यालय १९८० च्या सुमारास इतर अनेक मध्यम दर्जाच्या विद्यालयांसारखेच होते. त्यात पदवीपूर्व व पदव्युत्तर अभ्यासक्रम होते, साधने मर्यादित होती आणि राज्यातील मोठ्या विद्यापीठांच्या तुलनेत त्याची ओळख पुसट होती.

अशा स्थितीत १९८४ मध्ये या महाविद्यालयाने प्रवाहाविरुद्ध जाणारा निर्णय घेतला. पदवीपूर्व व्यवसायशिक्षणातील श्रेष्ठता हे एकच ध्येय ठरवून त्याने आपले पदव्युत्तर अभ्यासक्रम बंद केले. या निर्णयाचे धाडस समजण्यासाठी त्या काळाचे वातावरण लक्षात घ्यावे लागते. १९५९ च्या अहवालांनंतर संशोधन व पदव्युत्तर पदवी हीच प्रतिष्ठेची गमके बनली होती. अमेरिकेत व्यवस्थापनाच्या पदव्युत्तर पदवीची मागणी तेव्हा झपाट्याने वाढत होती. अशा वेळी मिळकतीचा व मानाचा मार्ग आपण होऊन सोडणे म्हणजे संस्थेने स्वतःस खालच्या पंक्तीत बसविणे, असाच अर्थ अनेकांनी काढला असता. शिवाय अशा निर्णयात प्राध्यापकांच्या वैयक्तिक कारकीर्दीचाही प्रश्न गुंतलेला असतो. कारण पदव्युत्तर वर्ग व संशोधक विद्यार्थी यांच्यावर त्यांचे विद्वत्तेच्या जगातील स्थान पुष्कळसे अवलंबून असते.

निर्णयाला पोषक ठरलेला एक बदल काही वर्षांनी घडून आला. अधिस्वीकृती देणाऱ्या राष्ट्रीय संघटनेने १९९१ मध्ये आपल्या प्रमाणकांत मूलभूत फेरफार केला. सर्व विद्यालयांना एकाच संशोधनप्रधान साच्यातून न पाहता, प्रत्येक संस्थेने स्वतः घोषित केलेल्या ध्येयाच्या संदर्भात तिचे परीक्षण करावे, असे ठरले. केवळ पदवीपूर्व शिक्षण देणाऱ्या संस्थेलाही आता दर्जेदार म्हणून मान्यता मिळू शकत होती. ग्रीली येथील महाविद्यालयास अशी अधिस्वीकृती १९९० नंतरच्या दशकात लाभली. फक्त पदवीपूर्व शिक्षण देत असूनही व्यवसाय-प्रशासन व लेखाशास्त्र या दोन्ही विषयांत ही अधिस्वीकृती असलेली विद्यालये देशात अगदी मोजकी होती. स्थानिक पशुव्यवसायातील अग्रणी केनेथ माँफर्ट यांच्या कुटुंबाच्या प्रतिष्ठानाने दिलेल्या मोठ्या देणगीनंतर १९९९ मध्ये महाविद्यालयास त्यांचे नाव देण्यात आले.

महाविद्यालयाच्या कार्यपद्धतीची तीन सूत्रे होती : विद्यार्थ्याशी निकटचा व्यक्तिगत संपर्क, व्यवसायात प्रत्यक्ष वापरल्या जाणाऱ्या तंत्रसाधनांचा विस्तृत परिचय आणि व्यावसायिक अनुभवाची खोली. पहिल्या सूत्रानुसार वर्ग लहान ठेवण्यात आले व शिकविण्याचे काम मुख्यत्वे पूर्णवेळ प्राध्यापकांकडे राहिले. मोठ्या विद्यापीठांत पदवीपूर्व वर्ग पुष्कळदा संशोधक विद्यार्थ्यांवर सोपविले जातात. येथे असे विद्यार्थी नव्हतेच, त्यामुळे ती पळवाटही उरली नव्हती. तिसऱ्या सूत्रानुसार उद्योगधंद्यात दीर्घकाळ जबाबदारीच्या पदांवर काम केलेल्या व्यक्तींना अध्यापनासाठी पाचारण करण्यात येई.

यापेक्षाही महत्त्वाची गोष्ट म्हणजे या सर्वांचा परिणाम काय होतो, हे पाहण्याची पद्धत महाविद्यालयाने जाणीवपूर्वक उभी केली. अभ्यासक्रमाच्या अखेरीस विद्यार्थ्यांना देशभर एकाच स्वरूपात घेतली जाणारी विषयज्ञानाची प्रमाणित परीक्षा देण्यात येई आणि तिच्या निकालांची अन्य विद्यालयांशी तुलना केली जाई. या परीक्षेत विद्यार्थ्यांची कामगिरी राष्ट्रीय सरासरीपेक्षा बरीच वर राहिली. पदवी घेऊन बाहेर पडणारे विद्यार्थी, माजी विद्यार्थी व त्यांना नोकरी देणाऱ्या संस्था यांची मतेही नियमितपणे मागविण्यात येत. निवडक प्रतिष्ठित विद्यार्थ्यांना प्रवेश देणाऱ्या संस्थेचे निकाल चांगले लागले, तर त्यात नवल नाही. सार्वजनिक विद्यापीठातील, माफक शुल्क आकारणाऱ्या महाविद्यालयाने सामान्य प्रवेशपात्रतेच्या विद्यार्थ्यांकडून हे साध्य करून घेतले, यात त्याचे वैशिष्ट्य होते.

माँफर्ट महाविद्यालयाला २००४ च्या बॉल्ड्रिज पुरस्कारासाठी निवडण्यात आले. हा पुरस्कार मिळविणारे ते पहिले व्यवस्थापन विद्यालय होय. देशातील विख्यात व्यवस्थापन विद्यालयांत गुणवत्ता-व्यवस्थापन हा विषय वर्षानुवर्षे शिकविला जात होता. तथापि तोच विषय स्वतःच्या कारभाराला लावून परीक्षेस उतरण्याचा मान गुणानुक्रमात ठळकपणे न झळकणाऱ्या एका लहान महाविद्यालयाकडे गेला, ही गोष्ट अर्थपूर्ण आहे. पुढील काळात या महाविद्यालयात पदव्युत्तर अभ्यासक्रम पुन्हा सुरू झाले. विद्यार्थ्यांची मागणी व विद्यापीठाची आर्थिक गरज यांपुढे एकाच ध्येयाचा आग्रह दीर्घकाळ टिकविणे किती अवघड असते, हे यावरून लक्षात येते.

पुरस्कारांवरील आक्षेप : बॉल्ड्रिज पुरस्कारावर सर्वांत मार्मिक टीका खुद्द डेमिंग यांनी केली. ज्यांच्या नावाचे पारितोषिक जपानमध्ये सुरू झाले, तेच डेमिंग माणसांची व संस्थांची क्रमवारी लावण्याच्या कडवे विरोधात होते. विद्यार्थ्यांना श्रेणी देणे, कर्मचाऱ्यांना गुणांकानुसार बक्षिसे देणे यांमुळे काम करण्यातील स्वाभाविक आनंद नष्ट होतो, असे त्यांचे मत होते. दुसरा आक्षेप अनुभवातून पुढे आला. १९९० मध्ये पुरस्कार मिळालेल्या ह्यूस्टन येथील वॉलेस कंपनीवर १९९२ मध्ये नादारी जाहीर करण्याची पाळी आली. पुरस्कार हे कारभाराच्या पद्धतीचे प्रमाणपत्र असते, भवितव्याची हमी नसते, हे त्यावरून सर्वांच्या ध्यानी आले. शिक्षणसंस्थांच्या बाबतीत आणखी एक अडचण संभवते. शिक्षणाचे खरे फळ विद्यार्थ्याच्या पुढील आयुष्यात, कधी वीसतीस वर्षांनी दिसते. पुरस्कारासाठी मात्र तीनचार वर्षांतील आकडे लागतात. शिवाय अर्ज तयार करण्यासाठी लागणारे श्रम व वेळ शेवटी अध्यापनातूनच काढावे लागतात.

अन्य मान्यता व पुरस्कार : यूरोपमध्ये व्यवस्थापन-विकासाच्या प्रतिष्ठानाने १९९७ मध्ये ‘इक्विस’ ही अधिस्वीकृती-पद्धती सुरू केली. तीत आंतरराष्ट्रीय स्वरूप व उद्योगांशी असलेले संबंध यांवर विशेष भर आहे. ब्रिटनमधील १९६७ मध्ये स्थापन झालेली व्यवस्थापन-पदवीधरांची संघटनाही पदव्युत्तर अभ्यासक्रमांना मान्यता देते. अमेरिकन अधिस्वीकृती-संघटनेने २०१३ मध्ये आपल्या प्रमाणकांत नवोपक्रम, प्रभाव व सहभाग या तीन तत्त्वांना मध्यवर्ती स्थान दिले आणि २०१६ पासून जगभरच्या विद्यालयांतील निवडक नवोपक्रमांचा प्रतिवर्षी गौरव करण्यास आरंभ केला. अमेरिकेतील ॲस्पेन संस्थेने सामाजिक व पर्यावरणीय जबाबदारीचे शिक्षण या दृष्टीने विद्यालयांची क्रमवारी काही वर्षे प्रसिद्ध केली. तो उपक्रम २०१२ मध्ये थांबविण्यात आला. वेतन मोजणारे गुणानुक्रम टिकले व जबाबदारी मोजणारा थांबला, ही बाब नोंद घेण्याजोगी आहे.

भारतातील स्थिती : भारतात व्यापारी शिक्षणाचा पाया मुंबईच्या सिडनहॅम महाविद्यालयाने (१९१३) घातला. आधुनिक व्यवस्थापन शिक्षणाचा आरंभ मात्र कलकत्ता व अहमदाबाद येथील भारतीय व्यवस्थापन संस्थांच्या स्थापनेपासून (१९६१) मानला जातो. कलकत्त्याच्या संस्थेला मॅसॅचूसेट्स तंत्रविद्या संस्थेचे, तर अहमदाबादच्या संस्थेला हार्व्हर्डचे साहाय्य लाभले. मुंबई विद्यापीठाची जमनालाल बजाज व्यवस्थापन अभ्यास संस्था १९६५ मध्ये स्थापन झाली व तिला स्टॅनफर्ड विद्यापीठाचे सहकार्य मिळाले. अधिस्वीकृतीची राष्ट्रीय व्यवस्था येथे १९९४ मध्ये ‘नॅक’ व ‘राष्ट्रीय अधिस्वीकृती मंडळ’ यांच्या स्थापनेने झाली. अहमदाबादच्या संस्थेने २००८ मध्ये इक्विस ही यूरोपीय अधिस्वीकृती मिळविली. केंद्र शासनाने २०१५ मध्ये राष्ट्रीय क्रमवारीची चौकट घोषित केली आणि २०१६ मध्ये पहिली क्रमवारी प्रसिद्ध केली. तीत व्यवस्थापन संस्थांचा स्वतंत्र गट आहे. अध्यापनाची साधने, संशोधन, पदवीधरांची निष्पत्ती यांबरोबरच समाजातील विविध घटकांना मिळणारा प्रवेश हाही तिचा एक निकष आहे व तो पाश्चात्त्य गुणानुक्रमांत क्वचितच आढळतो.

बॉल्ड्रिज परंपरेचा भारताशी थेट संबंध मुंबईतून जुळला. इंडियन मर्चंट्‌स चेंबर या १९०७ मध्ये स्थापन झालेल्या व्यापारी संघटनेने १९९६ मध्ये रामकृष्ण बजाज राष्ट्रीय गुणवत्ता पुरस्कार सुरू केला. रामकृष्ण बजाज हे जमनालाल बजाज यांचे पुत्र होत. या पुरस्काराचे निकष बॉल्ड्रिज निकषांच्या धर्तीवर आखलेले असून कारखानदारी व सेवा यांबरोबरच पुढे शिक्षण व आरोग्यसेवा यांचाही त्यात समावेश करण्यात आला. भारतीय मानक ब्यूरोने १९९१ मध्ये सुरू केलेला राजीव गांधी राष्ट्रीय गुणवत्ता पुरस्कारही याच परंपरेतील आहे.

भारतीय व्यवस्थापन शिक्षणातील एका नवोपक्रमाचा येथे उल्लेख करणे उचित ठरेल. अहमदाबाद संस्थेचे पहिले पूर्णवेळ संचालक रवि मथाई (१९६५–७२) यांनी संस्था ऐन भरात असताना आपण होऊन संचालकपद सोडले व प्राध्यापक म्हणून त्याच संस्थेत काम करणे पसंत केले. त्यानंतर राष्ट्रीय अभिकल्प संस्थेच्या सहकार्याने त्यांनी राजस्थानातील जवाजा या दुष्काळी परिसरात १९७५ पासून विणकर व चर्मकार यांच्यासमवेत एक प्रयोग आरंभिला. मोठ्या कंपन्यांसाठी शिकविली जाणारी व्यवस्थापनविद्या गरीब कारागिरांना स्वावलंबी करण्याच्या कामी येते काय, हे त्यातून पाहावयाचे होते. कारागिरांनी स्वतःचे संघ चालवावेत व बाहेरील मार्गदर्शकांनी क्रमाने बाजूला व्हावे, ही त्यामागील भूमिका होती. वेतन, प्रसिद्ध लेख वा उमेदवारांची संख्या यांपैकी कोणत्याही मापाने अशा कामाचे मोल ठरविता येत नाही.

मूल्यमापन : गेल्या शतकभरात व्यवस्थापन विद्यालयांना जे मोजले गेले, त्याकडे ती वळली, असे सामान्यतः म्हणता येते. प्राध्यापकांच्या पात्रतेची मोजदाद झाली, तेव्हा पदव्या वाढल्या. संशोधनाची झाली, तेव्हा लेख वाढले. वेतनाची झाली, तेव्हा वेतनाच्या जाहिराती वाढल्या. म्हणून मान्यता व पुरस्कार हे निव्वळ सन्मान नसून शिक्षणाच्या दिशेवर ताबा ठेवणारी साधने आहेत. ती निरुपयोगी आहेत, असे मात्र नव्हे. बाहेरच्या डोळ्यांनी झालेले परीक्षण संस्थेला आत्मसंतुष्टतेपासून वाचविते आणि लेखी अभिप्राय देणारी पद्धती, नुसता क्रमांक जाहीर करणाऱ्या पद्धतीपेक्षा या दृष्टीने अधिक उपकारक ठरते. माँफर्ट महाविद्यालयाच्या उदाहरणात निर्णय १९८४ चा व पुरस्कार २००४ चा, असे वीस वर्षांचे अंतर आहे. संस्थेने आपले ध्येय प्रथम ठरविले, त्याला अनुरूप असे मोजमाप नंतर निवडले आणि पुरस्कार सर्वांत शेवटी आला. हा क्रम उलटला व पुरस्कारावरून ध्येय ठरू लागले, की काय होते, याची उदाहरणेही याच इतिहासात सापडतात.